विरजणाचं मटण

मालकांनी मला खोली दिली ती मी मटण खाते म्हणून.

अवसरी खुर्दच्या कॉलेजात मी नुकतीच शिकवायला लागले होते आणि मंचरच्या लॉजवर राहून वैतागले होते. खोली बघायला गेलं की सगळीकडे तोच प्रश्न यायचा, कधी चहाच्या आधी, कधी चहानंतर. "तुमच्यात चालतं का?" काय चालतं, ते कुणी म्हणायचं नाही. आम्ही बौद्ध. हा प्रश्न कुठून निघतो आणि कुठं जाऊन पोचतो, हे आमच्या घरातल्या पोराटोरांनाही कळतं. मी "चालतं" म्हणायचे आणि ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. तीन-चार घरं झाल्यावर मी इतकी तडकले होते, की मालकांच्या ओट्यावर टेकल्या टेकल्या, त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच सांगून टाकलं, "मी बौद्ध आहे, मला मटण चालतं आणि रविवारी मी ते घरी शिजवते. काय ते आत्ताच सांगा."

समोरच्या माणसाच्या गळ्यात तुळशीची माळ होती, कपाळाला बुक्का होता. मी पर्स उचललीच होती. मालक खुर्ची ओढून पुढं सरकले.

"रविवारीच का? बुधवारी न्हाई?"

"बुधवारी कॉलेज असतं."

"मग संध्याकाळी करा की. बुधवारचं बोकड चांगलं असतंय मंचरला." आणि आत तोंड करून ओरडले, "अगं, चा टाक. मॅडम राह्यल्या!"

भाडं ठरायचं होतं, खोली अजून बघायचीच होती. पण त्या क्षणी माझ्या खांद्यावरचं एवढं मोठं ओझं उतरलं, की मी खोली न बघताच होकार दिला. ती बघितली असती तरी दिला असता, असं नाही. नळाला पाणी दिवसाआड यायचं.

माझ्या आधी तिथं कॉलेजातलेच एक सर राहायचे. ते शाकाहारी होते, आणि मालकांनी त्यांना वर्षभरात गोडीगुलाबीनं दुसरीकडे खोली शोधून दिली होती. "मानूस सोन्यासारखा व्हता," मालक सांगायचे, "पर वर्सभर दोडका शिजवला त्यानं. घरात जीव रमंना."

खालच्या स्वयंपाकघरात काकूंचं राज्य होतं आणि तिथं मटणाचं नावसुद्धा निघत नसे. वर माझी खोली, बाहेरून जिना. मालकांची अट एकच होती. मटण शिजताना ओट्याच्या बाजूची खिडकी उघडी पाहिजे. रविवारी मी कांदा परतायला घेतला की ते खाली खुर्ची घेऊन बसायचे, पाय लांब करून, डोळे मिटून. सुरुवातीला मला याचा फार राग यायचा. माझ्या स्वयंपाकात कुणी नाक खुपसलेलं मला खपत नाही, आणि हा माणूस तर अक्षरशः नाकच खुपसत होता. खालून आवाज यायचा, "मॅडम, खोबरं उतरवा, लागतंय!" आणि खरोखर लागत असायचं. कधी म्हणायचे, "आज धने जुने हायत." शेवटी एकदा मी खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाले, "मालक, एवढं आहे तर माळ काढा आणि वर या."

"माळ निघत न्हाई, मॅडम," ते शांतपणे म्हणाले. "मी मटण सोडलंय. मटणानं मला कुठं सोडलंय?"

माळेची गोष्ट मला काकूंनी सांगितली. प्राजक्ता, म्हणजे प्राजू, ही त्यांची एकुलती एक लेक. बालवाडीत असताना ती तापानं फणफणली. ताप डोक्यात गेला, मंचरहून पुण्याला हलवली, तिथं डॉक्टर नुसते "बघू" म्हणत होते. मालकांनी हॉस्पिटलच्या जिन्यात उभं राहून हात जोडले आणि म्हणाले, पोरगी उठली तर मटण सोडतो, माळ घालतो. "दुसरं सोडण्याजोगं त्यांच्याकडं व्हतं काय?" काकू म्हणाल्या. "दारू न्हाई, तंबाखू न्हाई. येकाच गोष्टीत जीव अडकल्याला, ती दिऊन टाकली." पोरगी उठली. दवाखान्यातून घरी येताना तिनं रसवंतीवर थांबून दोन पेले रस प्यायला, आणि मालकांनी दुसऱ्या दिवशी माळ घातली.

तेव्हापासून त्यांच्या डोक्यात हिशेब पक्का बसला. मटण एका पारड्यात, प्राजू दुसऱ्या पारड्यात. देवानं आपला शब्द पाळला, आता आपण पाळायचा, तोही रोजच्या रोज. पुढं कधी प्राजूला सर्दी झाली तरी मालक आपलं ताट आठवायला लागायचे. ती कॉलेजच्या होस्टेलवर काविळीनं आजारी पडली, तेव्हा त्यांना आठवलं की चारच दिवसांपूर्वी एका लग्नात वाढप्यानं मटणाच्या बादलीतली पळी वांग्याच्या भाजीत घातली असावी. असावी, म्हणजे बघितली कुणीच नव्हती. पण त्या दिवसापासून मालकांनी लग्नात जेवणं बंद केलं.

लग्नाला जाणं मात्र बंद केलं नाही. जिथं तिखटाचं जेवण, तिथं मालक पहिल्या पंगतीपासून हजर. स्वतः पाणीसुद्धा प्यायचे नाहीत. पंगतीच्या मधून हात मागं बांधून फिरायचे आणि वाढप्यांवर ओरडायचे, "आरं त्या म्हाताऱ्याला नळी वाढ! निस्ता रस्सा काय वततो?" ज्याला नळी मिळाली तो हाड आपटून, फुंकून आतलं ओढायला लागला, की मालक त्याच्या समोर उकिडवे बसून विचारायचे, "निघालं का? निघालं का?" तो माणूस बिचारा अवघडून जायचा.

मटण निवडायला मात्र सगळा गाव त्यांनाच न्यायचा. कुणाच्या घरी कार्य असलं की सकाळी मोटरसायकल दारात. मालक दुकानाच्या पायरीखाली उभे राहायचे, वर चढायचे नाहीत, आणि छत्रीच्या टोकानं दाखवायचे, "त्यो न्हाई. त्याच्या मागचा. फऱ्याचं काढ." एकदा घोडेगावला तहसीलात उतारा आणायला म्हणून सकाळच्या गाडीनं गेले आणि संध्याकाळी परत आले ते हात हलवत. वाटेत कुणीतरी ओळखीचं भेटलं, त्याच्या घरच्या कार्याचं मटण निवडून देत बसले, तोवर कचेरी बंद झाली. काकूंनी दोन दिवस अबोला धरला.

कोंबडीही माळेमुळं बंदच होती, पण तिला ते मटणात धरत नसत. "ती भाजी हाय," म्हणायचे. सोयाबीनच्या वड्यांवर तर त्यांचा दात होता. काकूंनी एकदा मोठ्या कौतुकानं त्या वड्या काळ्या मसाल्यात करून पुढं ठेवल्या. मालकांनी एक वडी चावली, बोटांत धरून उजेडाकडे करून बघितली, आणि म्हणाले, "ही काय थट्टा लावली माजी?"

अशा माणसाच्या लेकीनं जैवतंत्रज्ञान शिकावं आणि पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत नोकरी धरावी, तीही बोकड न कापता बोकडाचं मटण तयार करायची, याला मी योगायोग समजत होते. तो तसा नव्हता. एकदा शनिवारी घरी आली असताना ती वर माझ्याकडे चहाला आली, तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "ताई, मुलाखतीतसुद्धा त्यांनी हेच विचारलं होतं, की इथंच का? मी सांगितलं, माझ्या वडिलांनी माझ्यासाठी मटण सोडलंय. मला ते त्यांना परत आणून द्यायचंय, माळेला धक्का न लावता." तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मग तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "त्यांना वाटलं मी विनोद करतेय."

वडिलांना हे काम समजावून सांगणं मात्र सोपं नव्हतं. मालकांची एक खोड होती. कुणी काही समजावायला लागलं की अर्ध्यावर हात वर करून "बास, कळलं" म्हणायचे. गॅसच्या शेगडीपासून बँकेच्या कार्डापर्यंत सगळं त्यांना अर्धंच कळलेलं होतं. प्राजूनं फोनवर सुरुवात केली, "आण्णा, आपली केळी कशी टिश्यू कल्चरची आहेत, तसंच हे. लॅबमध्ये..."

"बास," मालक म्हणाले, "कळलं."

त्यांच्या मळ्यात टिश्यू कल्चरची केळी होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता. पूर्वी केळी लावायची म्हणजे जुन्या झाडाचे मुनवे, म्हणजे बुडाशी फुटलेले कोंब, खणून आणायचे, त्याच्याबरोबर किडा आणि रोगही यायचा. ही रोपं मात्र ट्रेमधून यायची, बोटाएवढी, धुतल्यासारखी स्वच्छ. तसं मटण येणार म्हटल्यावर मालकांना आनंद आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घालायला डेअरीवर गेले आणि त्यांनी जाहीर केलं, "आमची प्राजू टिश्यू कल्चरचं मटण काढतीय. बोकाड कापायचं कामच न्हाई!"

मग गावाला विषय मिळाला. एका म्हाताऱ्यानं पहिला आणि मला वाटतं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारला, "त्याला नळी असंल का?" मालकांनी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर टाकला. प्राजू म्हणाली, नळी नाही, हाड नाही, नुसतं मांस, तेही सध्या खिम्यासारखं. म्हातारा किटली उचलून निघाला. "मंग दवाखान्यातलं जेवान झालं ते," म्हणाला. कुणाच्या तरी मोबाईलवर प्लॅस्टिकच्या मटणाचा व्हिडिओ आला आणि तो सगळ्यांनी एकमेकांना पाठवला. दूध घालायला आलेली एक बाई म्हणाली, "त्याला तोंड न्हाई, शेपूट न्हाई, मग ते जित्तं म्हनायचं का मेल्यालं?" भजनी मंडळाचे म्हातारे प्रमुख दाढी खाजवायला लागले. "मेलंच न्हाई काय, तर पाप कुनाचं?" असं म्हणाले खरे, पण मोठ्या महाराजांना विचारून सांगतो म्हणून गेले ते पुढं बरेच दिवस त्या विषयावर बोललेच नाहीत.

मटणाचा दुकानदार स्वतः घरी आला. ओट्याच्या कडेला टेकून म्हणाला, "मालक, पोरीला सांगा, जरा दमानं. आमाला बी पोरंबाळं हायती." मालकांना वाईट वाटलं. त्यांनी त्याला चहा पाजला आणि धीर दिला, "तुजं काय जात न्हाई, राव. नळी तर तुज्याकडंच मिळंल."

आमच्या स्टाफरूममध्ये निराळीच तऱ्हा. ज्यांनी जन्मात मटणाला हात लावला नव्हता, त्यांना या मटणाचं भलतंच कौतुक. एक सहकारी मला म्हणाले, "आता तुम्हा लोकांना सोडायला काही अडचण नाही." मी त्यांना विचारलं की 'तुम्हा लोकांना' म्हणजे कुणाला, आणि सोडायचं म्हणजे काय. त्यांनी घड्याळात बघितलं. त्यांचा तास सुरू व्हायचा होता म्हणे.

हे मटण अजून कुठं विकायला ठेवायची परवानगी नव्हती. पण प्राजूनं साहेबांच्या मागं लागून घरच्यांपुरतं थोडं मागून घेतलं आणि एका रविवारी थर्मोकोलच्या डब्यात बर्फ घालून, स्कूटीच्या पायाशी ठेवून घेऊन आली. शिजवायचं अर्थातच माझ्याकडे. फिकट गुलाबी, मऊ खिमा, मूठभर. मी त्यात आलं-लसूण घालून छोटे गोळे वळले, कांदाखोबऱ्याचं वाटण केलं, काळा मसाला घातला. मीठ दोनदा चाखून बघितलं. परीक्षा माझी नव्हती, पण मालक पहिल्यांदाच जिना चढून वर आले होते आणि माझ्या खुर्चीत नव्या सदऱ्यात ताठ बसले होते. काकू दारातच उभ्या राहिल्या. माहेरच्या, खोडदच्या, कुणाच्या तरी लग्नाबद्दल उगाच काहीतरी बोलत होत्या. त्यांचं लक्ष मालकांच्या ताटलीवर होतं.

"आण्णा, कुठलाही प्राणी मारलेला नाही. अगदी खात्रीनं सांगते," प्राजू म्हणाली.

"म्हाईतय मला. टिश्यू कल्चर." मालकांनी माळ सदऱ्याच्या आत सारली, एक गोळा उचलला आणि तोंडात टाकला.

आम्ही तिघी बघत राहिलो. मालक डोळे मिटून कितीतरी वेळ चावत होते. जबडा थांबायचा, पुन्हा चालायचा. मग त्यांनी गिळलं.

"कसं आहे?" प्राजूनं विचारलं.

मालक विचार करून म्हणाले, "मटनाच्या गावावरनं यस्टी गेली. पर थांबली न्हाई."

प्राजू एवढी हसली की तिला ठसका लागला. तिच्या दृष्टीनं गावावरनं गेली हेच खूप होतं. मालकांनी ताटली मात्र बाजूला सारली. "आता दुसरा न्हाई. सवय लागंल," म्हणाले. उरलेले गोळे मी आणि प्राजूनं खाल्ले. खरं सांगायचं तर रस्सा चांगला झाला होता.

चार वाजता चहा घेऊन प्राजू पुण्याला निघाली. तासाभरानं मी काकूंचं चहाचं पातेलं परत द्यायला खाली गेले. काकू कोमट दुधात विरजण घालत होत्या. चमच्यात दही घेतलं आणि एकदम थांबून मला म्हणाल्या, "मॅडम, मगापासनं डोक्यात येतंय. त्या मटनाला विरजान कशाचं लावत्यात?"

मी सहज सांगितलं, "बोकडाचंच. जिवंत बोकडाच्या मांडीतून सुईनं एवढासा कण काढतात, तो टाकीत वाढवतात. बोकड मरत नाही."

काकूंनी चमचा खाली ठेवला. "म्हंजी म्हशीच्या विरजनाचं दही म्हशीचंच म्हनायचं," त्या हळूच म्हणाल्या. "तसं ते बोकडाचंच झालं की."

ओट्यावर मालकांची खुर्ची वाजली. ते दारात आले. "बोकाड कुठनं आलं त्यात? ती टिश्यू कल्चर म्हनली व्हती. झाडाचं."

"झाडाचं नाही हो, मालक. केळी केळीपासून होते, मटण बोकडापासून. तिनं नुसती पद्धत सांगितली तुम्हाला."

त्यांनी या वेळी हात वर केला नाही. सगळं पूर्ण ऐकलं. एवढा उंच माणूस, दाराच्या चौकटीत उभ्या उभ्या लहान दिसायला लागला. माळ चाचपून म्हणाले, "मग मोडलं म्या." आणि खिशातून फोन काढून प्राजूला लावला. फोन बंद. बाईचा आवाज सांगत होता, आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे. मालकांनी तो निरोप मराठीत ऐकला, हिंदीत ऐकला, इंग्रजीतही शेवटपर्यंत ऐकला. पुन्हा लावला. पुन्हा बंद. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी शिकवते ते यंत्रांचं. नवसावर माझा विश्वास नाही, आमच्या घरात कुणाचाच नाही. गाडी चालवताना कोण फोन उचलतं, चार्जिंग संपलं असेल, असं मी म्हणत होते. पण मालकांनी मोटरसायकल बाहेर काढली तेव्हा मी मागे जाऊन बसलेच. तो हायवे मला माहीत होता. रविवार संध्याकाळची पुण्याकडं पळणारी वाहनं माहीत होती. विश्वास नसला म्हणून भीती वाटायची थांबत नाही.

मालक एरवी गाडी अशी चालवायचे की सायकलवाले पुढं जायचे. त्या दिवशी त्यांनी ट्रक मागं टाकले. प्रत्येक पांढऱ्या स्कूटीजवळ वेग कमी करायचे, तोंड बघायचे, पुन्हा पळवायचे. आणि सगळा वेळ मोठ्यानं बोलत होते. आधी मला वाटलं माझ्याशी. मग कळलं, वर सौदा चाललाय.

"म्हाईत नव्हतं मला. अर्धंच ऐकलं. चूक माजी हाय, तिची न्हाई. येकादशी दोन्ही धरतो. केळी सोडतो. चा सोडतो." थोडं अंतर गेलं. "चा ऱ्हाऊ दे, चा सुटायचा न्हाई, खोटं कशाला बोलू. आंबा सोडतो. आंबा कायमचा सोडला, बघ."

आंबा त्यांनी खरोखरच सोडला. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्या झाडाची पहिली पाटी माझ्या दारात आली, आणि मी खिडकीत उभी राहून खाल्ला तर खालून कुणी काही बोललं नाही. माळेचंही पुढं काही झालं नाही. भजनी मंडळाच्या प्रमुखांनी 'अजाणता झालं' म्हणून विषय मिटवला. पण त्या संध्याकाळी हे आम्हाला कुठं माहीत होतं? मी मागे बसून त्यांच्या सदऱ्याला धरून होते, आणि घाटाच्या तोंडाशी गर्दी दिसली तेव्हा मालक बोलायचे थांबले.

गर्दी कांद्याच्या टेम्पोची होती. टेम्पो बंद पडला होता, एवढंच. मालकांनी त्याला वळसा घातला. पेठचा घाट उतरून खाली आलो, आणि रस्त्याच्या कडेला पंक्चरच्या टपरीसमोर, जुन्या टायरवर बसून प्राजू भेळ खात होती.

मालकांनी गाडी उभी केली, पण उतरता येईना. पाय जमिनीला टेकवून तसेच बसून राहिले. मला, मोठ्या बाईला, भररस्त्यात रडू आलं.

"आण्णा!" प्राजू धावत आली. "काय झालं? आई बरी आहे ना? माझं चार्जिंग संपलं, आणि मागचं चाक बसलं. हे दादा चहाला गेले होते, आत्ता आले."

मालकांनी तिच्याकडं बघितलं, डोक्यापासून पायापर्यंत. कोपरं बघितली, गुडघे बघितले. मग गाडीवरून उतरून स्कूटीकडं गेले. पंक्चरवाल्यानं ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून धरली होती.

"किती पंक्चर हायत, भाऊ?"

"येकच हाय, राव. बारका खिळा."

"नीट बघ. दुसरं न्हाई ना?"

त्यानं ट्यूब पुन्हा सगळी फिरवली. एकाच जागी बुडबुडे येत होते. "न्हाई. येकच."

मालक मटकन त्या टायरवर बसले. "येकच घास खाल्ला व्हता," म्हणाले, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हसायला लागले. खांदे हलत होते. हसता हसता ते कधी रडायला लागले ते आम्हाला कळलं नाही.

मी प्राजूला बाजूला घेऊन विरजणाची गोष्ट सांगितली. ती पांढरीफटक पडली. वडिलांच्या समोर रस्त्यातच गुडघे टेकून बसली. "आण्णा, मला वाटलं तुम्हाला कळलंय. मी नीट सांगायला हवं होतं. तुमची माळ मी मोडली का?"

"मोडली आसंल," मालक म्हणाले. त्यांनी तिच्या गालाला लागलेली शेव काढली. "पुन्ना घालता यील. तू कामाला जा, पोरी. ते मटान लोकांला खाऊ घाल, चांगलं कर अजून. मला नको. तू हाईस, मला लई झालं."

मी काकूंना फोन लावला. "सापडली" एवढं म्हटल्याबरोबर पलीकडून त्यांचा मोठा श्वास ऐकू आला, आणि मग त्या एकाएकी मालकांना शिव्या द्यायला लागल्या. मालकांनी फोन घेतला आणि मान डोलवत सगळ्या ऐकल्या. चेहरा एवढा समाधानी होता, जणू कुणी आरती म्हणत होतं.

पंक्चरवाला चाक बसवता बसवता आमच्याकडं बघत होता. एक म्हातारा, एक बाई आणि एक पोरगी, तिघंही डोळे पुसतायत आणि हसतायत, एवढ्याशा खिळ्यापायी. त्याला राहवेना.

"पावणं," त्यानं विचारलं, "कसला घास म्हनलं तुमी मगाशी?"

ज्या माणसानं भर डेअरीवर सगळ्या गावाला सांगितलं होतं, त्यानं क्षणभर विचार केला. मग प्राजूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "काय न्हाई, भाऊ. लेकीनं केल्यालं जेवलो."